भंडाऱ्याहून आणलेला भागाकार

पुस्तकांच्या खर्चाचा हिशेब आणायला बालाघाटहून भंडाऱ्याला गेलेला माणूस जगात बहुधा मी एकटाच. साठीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात प्राध्यापक होतो आणि लायब्ररीही माझ्याच गळ्यात पडली होती. रसायनशास्त्राचं पुस्तक एकच, पोरं ते नंबर लावून घरी न्यायची. भरवेलीच्या खाण कॉलनीतून सायकलनं येणाऱ्या प्रभाचा नंबर शेवटचा होता. दुसरी प्रत मागितली की प्राचार्य म्हणायचे, पैसा नाही. शेवटी बैठकीत मी शहाणपणा पाजळला, "दर प्राध्यापकामागे दुसरं कॉलेज पुस्तकांवर किती खर्च करतं ते बघू. आपण मागे निघालो तर पैसे द्या." प्राचार्य लगेच कबूल झाले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तुम्हाला जायचं असेल तर वारासिवनी, कटंगी करत तुमसर गाठा, तिथून भंडाऱ्याची बस. आता रस्ता बरा आहे म्हणतात, तेव्हा हाडं खिळखिळी व्हायची. कटंगीला बाजाराचा दिवस होता. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, जरा सरको, मुर्गी को हवा लगने दो." मी सरकलो. तिथला आलूबोंडा जरूर खा, पण चहा आधी सांगून ठेवा. तिखटानं माझ्या तर नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

भंडाऱ्याच्या कॉलेजातली गच्च कपाटं पाहून माझा जीव जळला. ग्रंथपालांनी खर्च सांगितला, प्राध्यापक किती तेही सांगितलं. "आमच्याकडं मास्तर लोक लय झाले हो," ते म्हणाले. मी खुशाल लिहून घेतलं, वर अभिनंदनही केलं.

परतीच्या बसमध्ये मांडीवर कागद ठेवून भागाकार केला, तर आम्हीच पुढे. गचक्यात आकडा चुकला असेल म्हणून कटंगीला चहा पिताना पुन्हा केला. तेच उत्तर. आमच्याकडे प्राध्यापकांच्या निम्म्या जागा रिकाम्या! माणसंच नाहीत म्हटल्यावर दर माणशी खर्च फुगणारच. एवढं साधं गणित या विद्वानाला भंडाऱ्याला जाऊन आल्यावर कळलं.

प्राचार्य खूष झाले. "छान काम केलंत. आपण पुढेच आहोत, मग खर्च कशाला वाढवायचा?" मी रिकाम्या जागांचं बोललो, तर म्हणाले, "पण माप तर तुमचंच होतं ना?"

बाहेर प्रभा सायकल धरून उभी होती. "सर, भंडाऱ्याले गेलते ना? झालं काम?"

"आपण पुढे निघालो," मी म्हणालो.

"मंग मले पुस्तक कवा भेटन?"

नंबराप्रमाणे तिची पाळी परीक्षेनंतर होती. मला ते तिच्या तोंडावर सांगावं लागलं.

"हौ सर," ती म्हणाली आणि सायकलवर बसली.