खुर्चीवाले डॉक्टर

सर स्वतःच्या खुर्चीत कधी बसलेच नाहीत. विद्यार्थी आला की त्याला खुर्चीत बसवायचे आणि स्वतः स्टुलावर बसायचे. जालन्याच्या आमच्या होमिओपॅथी कॉलेजात विद्यार्थी विभाग त्यांच्याकडे होता. हजेरी, वसतिगृह, परीक्षेचे फॉर्म, रडारड, सगळं तेच बघायचे. डिग्री असून दवाखाना टाकला नाही म्हणून आम्ही त्यांना खुर्चीवाले डॉक्टर म्हणायचो आणि हसायचो.

इंटर्नशिपच्या वर्षी दर गुरुवारी ते आमच्यातल्या एकाला दिवसभर ऑफिसात बसवून घ्यायचे. "डॉक्टरकी अशीबी असती, बघून ठेवा," म्हणायचे. "पोरगं खचून राह्यलं का न्हाई, हे नाडीआधी हितं कळतं." मी तेव्हा नवीन जालना भागात दवाखान्यासाठी गाळा बघत होतो. गुरुवार मला निव्वळ शिक्षा वाटायचा.

हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी फळ्यावर लागायची. पण त्याआधी सर प्रत्येकाला बोलावून समोरासमोर सांगायचे, पुढे काय करायचं तेही सांगायचे. एका गुरुवारी ते बाहेरगावी होते आणि यादी टेबलावर होती. मला घरी जायची घाई. मी ती फळ्यावर लावून मोकळा झालो.

यादीत आष्टीची शोभा होती. अभ्यासात हुशार, पण आईच्या आजारपणात दोन महिने गावी राहिलेली. आमच्याच कॉलेजातल्या, तिच्या गावच्या एका मुलाने फळा वाचला आणि पारावर सांगितलं. तिच्या वडिलांना ते चारचौघांत ऐकावं लागलं. तिसऱ्या दिवशी ते आले आणि ट्रंकेसकट तिला घेऊन गेले.

सर मला घेऊन आष्टीला गेले. वडील म्हणाले, "झालं तेवढं शिक्षण बस झालं. सोयरीक बघून राह्यलो."

सरांनी हात जोडले. "सहा महिन्यांचा सवाल हाय, पाटील. पोरीचा कसूर न्हाई. यादी लावली ती चूक माझी."

मी शेजारीच उभा होतो. आम्ही तीनदा गेलो, तिन्ही वेळा सर तेच बोलले आणि तिन्ही वेळा मी जमिनीकडे बघत राहिलो. त्या उन्हाळ्यात शोभाचं जाफराबादला लग्न झालं.

मी दवाखाना टाकला नाही, त्याच ऑफिसात नोकरी धरली. सरांनी त्या यादीचा विषय कधी काढला नाही. रागावले असते तर फार बरं झालं असतं.

पुढे काही वर्षांनी सर गेले. शोभाला कळवायला मी जाफराबादला गेलो. तिने चहा ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "सगळ्यांना बोलावून सांगत व्हते सर. माझ्याच बारीला कसे चुकले, कळलंच न्हाई मला."

मी चहा प्यायलो आणि परतीची जीप धरली.