पार्ट दोनमधली आई

केवळाबाईला मेंढरं कधी मोजावी लागली नाहीत. दिवस मावळताना कळप वाड्यात शिरू लागला की ती तोंडाशी उभी राहायची, आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की नवऱ्याला, अंगदला, सांगायची, "कानफाटी मागं राह्यली. नाल्यात बगा." अंगद निमूट नाल्याकडे वळायचा. कानफाटी तिथंच असायची.

एकदा दुधना नदीच्या काठी सिताराम नावाच्या मेंढक्याचा कळप तिच्या कळपात मिसळला. सगळे हात डोक्याला लावून बसले. केवळाबाई मधोमध उभी राहिली आणि "ही तुजी, ही माजी" करत दुपारपर्यंत तिनं दोन्ही कळप वेगळे केले. एका मेंढीवरून सितारामनं वाद घातला तेव्हा म्हणाली, "तिचा मागला डावा पाय उचल. आत डागल्याली खूण हाय." खूण होती.

दोन वर्षांमागं गुडघ्यानं दगा दिला. कळप मुलाच्या, महारुद्रच्या, हाती गेला आणि केवळाबाई चारठाणा गावातल्या घरात बसून राहिली. उभा जन्म रानात गेलेल्या बाईला भिंती खायला उठतात. सून बबिता शहाणी. तिनं पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि 'रणभेदी' नावाचा मारधाडीचा पिक्चर लावून दिला.

केवळाबाईला तो असा भावला की पावसाळाभर तिनं तोच पाहिला. डाव्या भुवईवर वण असलेला फौजी गावी येतो, खाणवाल्या गुंडांशी एकटा लढतो. पण तिचा जीव गुंतला तो त्याच्या आईत. वाळकी, पुढचे दोन दात पडलेली म्हातारी. लढाईला निघालेल्या लेकाला ती आधी भाकरी खायला बसवते. "आई आसावी तर आशी," केवळाबाई दर वेळी म्हणायची.

म्हणून 'रणभेदी'चा पार्ट दोन परभणीच्या टॉकीजला लागला, तेव्हा बबितानं सासूला न्यायचं ठरवलं.

"गुडघ्याचं काय?" अंगदनं विचारलं.

"गुडघ्याला तिथं बसायचंच हाय की," केवळाबाई म्हणाली आणि तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

जिंतूरला गाडी बदलून दोघी बाराच्या खेळाला पोचल्या. दारावर तिकिटं बघणाऱ्या सिद्धोधननं हात धरून केवळाबाईला कडेच्या खुर्चीवर बसवलं. अंधार झाला, फौजी घरी आला, एका बाईच्या पाया पडला.

"ही कोन?" केवळाबाईनं विचारलं.

"त्याची आई, आत्या," बबिता सासूला म्हणाली.

"ही? हिच्या तोंडात समदे दात हायेत."

"दुसरी बाई घेतली आसंल."

"घेतली आसंल. पर हा तिला आई म्हनायलाय, आन ह्याला काईच वाटंना!"

तिथून तिचं मन उतरलं आणि डोळे जागे झाले. फौजीचा वण उजव्या भुवईवर गेला होता. पळापळीत एक माणूस पांढऱ्या पायाची शेळी घेऊन बोळात शिरला आणि पलीकडून निघाला तेव्हा शेळी नखशिखांत काळी. जीपची काच फुटली, पुढच्या वळणावर अखंड झाली. केवळाबाई प्रत्येक गोष्ट बबिताच्या कानात सांगत होती. मग मागच्या पिक्चरात ट्रकसकट जळालेला गुंड गाडीतून ऐटीत उतरला, तेव्हा मात्र तिच्यानं राहवलं नाही.

"आरं, तू तर जळाला व्हतास की!"

टॉकीजभर हशा पिकला. बबितानं पदर तोंडाला लावला.

इंटरव्हलला सिद्धोधन आपणहून चहा घेऊन आला. "मावशी, ह्यो पिक्चर मी आठ दिवस झाले बगायलोय. मला शेळी कशी दिसली न्हाई?"

"तुमी मानसं बगत आसताल."

"खरंय. आजून काय काय चुकलं?"

तिनं सांगितलं. मागच्या रांगेतली दोन-चार माणसंही ऐकायला वाकली. उरलेल्या खेळात त्यांच्यातलं कुणी ना कुणी हळूच विचारायचं, "मावशी, आता?" आणि ती सांगायची, "सदऱ्याचं रगत वाळलं बगा. आत्ताच लागली व्हती गोळी."

शेवटी आईला गोळी लागली. फौजी टाहो फोडून रडला. केवळाबाईनं डोळ्यांना पदर लावायची तयारी ठेवली होती, पण पाणी आलंच नाही.

परतीच्या गाडीत बबिता हिरमुसली होती. "उगंच आनलं तुमाला, आत्या. इतका हलका निघाला."

"हलका तर लय व्हता. ती पयली म्हातारी आसती तर मी रडले आसते." केवळाबाई खिडकीबाहेर बघत हसली. "पर उगंच कसं? दोन वर्सानं कुनी मला इचारलं, काय दिसायलंय म्हनून."

बबितानं सासूचा हात हातात घेतला आणि जिंतूर येईपर्यंत सोडला नाही.

घरी अंगद ओसरीवर वाट बघत होता. त्यानं आयुष्यात टॉकीजचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पार्ट एक बायकोच्या तोंडून त्याला पाठ होता.

"कसा व्हता?"

केवळाबाईनं पाय पसरले, गुडघ्याला तेल लावत सुरुवात केली. फौजी गावी आला इथपासून. ऐकता ऐकता अंगदची विडी विझली.

"आन म्हातारी?" त्यानं मधेच विचारलं. "ती व्हती का?"

"व्हती की," केवळाबाई म्हणाली. "तशीच, दोन दात पडल्याली. भाकरी करून वाढली तिनं लेकाला."

"गुंडांनी काई केलं न्हाई ना तिला?"

"तिला कोन काय करतंय?"

आत पीठ मळणारी बबिता थबकली, गालात हसली आणि पुन्हा पिठाला लागली. अंगदनं समाधानानं मान हलवली.

"मग?" तो म्हणाला.