मोठ्याने सांगितलेली प्रत

त्या दिवशी आर्णीला, कापसाच्या खरेदी केंद्रावर, माझ्या नवऱ्याने माझ्या भावाची गाडी परत पाठवली.

ते तिथे ग्रेडर होते. शेतकऱ्याने आणलेला कापूस पाहून त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. गाडीच्या वरचा कापूस ते पाहतच नसत. कोपरापर्यंत हात आत घालून मधला पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा, सरकी दाताखाली फोडून ओल बघायची, आणि मग प्रत सांगायची. ही प्रत ते मोठ्याने सांगत. रांगेतल्या शेवटच्या बैलगाडीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. घरात मात्र त्यांचा आवाज असा की स्वयंपाकघरातून मला दोनदा विचारावं लागे. मी एकदा हसून म्हटलं, तुमचा आवाज केंद्रावरच ठेवून येता का? ते म्हणाले, ज्या ग्रेडरला कानात बोलायची सवय लागते, त्याच्याकडे लोक वेगळ्या कामासाठी यायला लागतात. हंगामात ते कोणाचा चहाही घेत नसत. मी थर्मास भरून द्यायची.

भाऊ माझ्याहून धाकटा. वडिलांची शेती तोच पाहायचा. मी शिकले, तालुक्याच्या वाचनालयात लागले, तो मातीत राहिला. त्याच्यात आणि माझ्या नवऱ्यात तेढ कधीच नव्हती. केंद्रावर आला की तो त्यांची थट्टा करायचा, ‘भाऊजी, चाहा घरून आणता, मंग हवाबी घरूनच आणता का?’ ते हसायचे आणि थर्मासातला अर्धा कप त्याला द्यायचे.

ती वर्षं कापसाची वाईट होती. अळीने बोंडं आतून पोखरली होती. फवारण्या करून लोकांचे डोळे लाल झाले, अळी तशीच. वेचणीला निम्मा कापूस पिवळट, चिकटलेला निघे. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. खाली कवडी आणि वर पांढरा कापूस अशी गाडी भरणं तेव्हा अनेकांनी सुरू केलं होतं. भावानेही तशीच भरली.

एरवी नात्यातल्या माणसाची गाडी आली की ते दुसऱ्या ग्रेडरला पाहायला सांगत. त्या दिवशी दुसरा ग्रेडर केळापूरकडे गेला होता. भावाची पाळी आली तेव्हा रांगेतून कोणीतरी बोललं, ‘साळ्याची गाडी हाय. सायेब आता हात नाई घालत, हात जोडतेत.’ लोक हसले. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. पुंजका बाहेर काढला आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, ‘आत कवडी आहे. गाडी परत. माल वेगळा करून आणा.’

मी तिथे नव्हते. भावाची गाडी आमच्या दारासमोरून गेली, तेव्हा कळलं. तो खाली उतरला नाही. बैलांच्या कासऱ्याकडे पाहत म्हणाला, ‘ताई, भाऊजीनं सऱ्या केंद्राले आयकवलं.’ मी पाणी आणायला आत वळले. बाहेर आले तेव्हा गाडी वळणापाशी पोचली होती.

संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, ‘परत पाठवण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं.’ मी हो म्हटलं. ते खरंच होतं. मला तेव्हाही ते खरं वाटलं आणि आजही वाटतं. तरी त्या रात्री आमच्या ताटांत भाजी तशीच उरली.

पुढच्या भाऊबीजेला ते सकाळीच कपडे घालून तयार झाले. यवतमाळला काम आहे म्हणाले. सणाच्या दिवशी यवतमाळचं कुठलं ऑफिस उघडं असतं, हे मी विचारलं नाही. पहिल्या एसटीने गेले, अंधार पडल्यावर परतले. चपला काढता काढता विचारलं, ‘आला होता का?’ मी नकारार्थी मान हलवली. मी चंद्राला ओवाळून घेतलं होतं. निरांजन अजून ओट्यावर होतं. ते त्याच्याकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले.

त्यानंतर दर भाऊबीजेला ते यवतमाळला जात. दिवसभर कुठे बसत, काय खात, मला माहीत नाही. एकदा शर्टाच्या खिशात बसस्थानकावरच्या शेंगदाण्यांची पुडी सापडली, तेवढंच. केंद्र पुढे बंद पडलं, ते निवृत्त झाले, तरी त्या दिवसाचं यवतमाळ चुकलं नाही. घर मोकळं असलं तर भाऊ येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. भावापर्यंत तो कधीतरी पोचला असेल, असं मी धरून चालले होते. गावाकडची माणसं आठवडी बाजाराला येत, सगळ्यांना सगळं ठाऊक असे.

ते गेले तेव्हा भाऊ आला. तेराव्यापर्यंत राहिला. माणसं पांगल्यावर मागच्या अंगणात माझ्याजवळ बसला.

‘ताई, माल कवडीच होता. मले का समजत नव्हतं? पन भाऊजीनं जवळ बोलावून हळूच सांगतलं असतं, तं मी मुकाट्यानं गाडी फिरवली असती.’

‘तिथे ते हळू बोलतच नसत,’ मी म्हटलं.

‘मालूम आहे मले,’ तो म्हणाला. ‘आपल्या मानसासाठी एकडाव बोलतीन, असं वाटलं होतं.’

मग मी त्याला यवतमाळचं सांगितलं. त्याच्या हातातल्या चहावर साय धरली.

‘दरसाल?’

‘दर साली.’

‘मले कोनी सांगतलंच नाई,’ तो म्हणाला, आणि कप खाली ठेवून उठला.

भाऊ आता दर भाऊबीजेला येतो. पाटावर बसतो, मी ओवाळते, तो जेवतो आणि शेवटच्या एसटीने गावाला जातो. थर्मास फळीवर आहे. ते नाहीत.