किटल्यांचा धबधबा

आमच्या घरी भंगार येतं, जात नाही. हे रिटायर झाल्यापासून सदरच्या बाजारात भाजी आणायला जातात आणि मोटारसायकलची चेन घेऊन परततात. त्या चेनींचा बगळा झाला. सायकलच्या रिमांवर जाईचा वेल चढला. मोडक्या लोखंडी पलंगाचं बाकडं झालं, त्यावर बसलं की साडी अडकते. मी काही टाकायला निघाले की ठरलेलं वाक्य येतं, "काहून फेकून राहिली वं? कामात येते."

या उन्हाळ्यात नात येणार म्हणून त्यांनी धबधबा केला. चहाच्या टपरीवरून आणलेल्या, पोचे पडलेल्या किटल्या एकाखाली एक टांगल्या. खाली जुन्या कूलरची पत्र्याची टाकी निळा रंग देऊन ठेवली आणि त्याच कूलरचा पंप तिच्यात सोडला. वायर खिडकीतून थेट हॉलमधल्या बोर्डाला. एका किटलीच्या तोटीतून दुसरीत पाणी पडायला लागलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मीही टाळ्या वाजवल्या.

नागपुरात पाढ्यांच्या आधी कूलर शिकवतात. चप्पल घाल, बटन बंद कर, प्लग काढ, मग पाणी भर. माझी आई तर प्लग काढल्यावरही पत्र्यात करंट उतरलाय का ते टाकीला उलटा हात लावून बघायची. मीही जन्मभर तसंच करत आले. पण या टाकीला आम्ही कुणी उलटा हात लावला नाही. ती आता कूलर थोडीच होती, बागेतली शोभेची वस्तू होती. निळ्या रंगाखाली आमची भीतीही झाकली गेली.

नात बंगळूरची, एसीत वाढलेली. कूलर म्हणजे काय हेच तिला ठाऊक नाही. "हात लावू नको" म्हटलं की मुद्दाम हात लावायचा आणि माझ्याकडे बघून हसायचं. अगदी तिच्या आईवर गेली आहे. पण स्टॅच्यूच्या खेळाचा नियम ती कधी मोडायची नाही. कुणी "स्टॅच्यू" म्हटलं की जागच्या जागी पुतळा व्हायचं, आणि ज्यानं म्हटलं त्यानंच "ओव्हर" म्हणून सोडवायचं. आजोबांना तिनं दाढी करताना, तोंडात घास असताना, कुठेही पुतळा केलं होतं. मला या खेळाचा वीट आला होता. कामं पडली आहेत म्हणून मी एकदाही खेळले नव्हते.

त्या संध्याकाळी हे गच्चीवर काहीतरी ठोकत होते. मी कणीक मळत होते. झाडांना पाणी घालून आमची कामवाली बाई हात झटकत आत आली. "काकू, त्या निळ्या टाकीले हात लागला न माहा, तं झिनझिन करून राहिली."

"पायात चप्पल होती?"

"हो न, रबराची."

मी खिडकीतून पाहिलं. नात ओल्या हिरवळीवरून अनवाणी टाकीकडे चालली होती, हातात कागदाची होडी.

हात लावू नको म्हणून ओरडले असते, तर तिनं हसत हसत लावला असता. मागे धावले असते, तर पकडापकडी समजून ती टाकीकडेच पळाली असती. आणि एकदा चिकटली की ओढणाराही चिकटतो, हेही इथे लहानपणीच शिकवतात. तोंडातून काय निघतंय ते माझं मलाच कळलं नाही.

"स्टॅच्यू!"

ती थांबली. वाकलेली, होडीचा हात टाकीच्या काठापासून बोटभर दूर. फक्त डोळे माझ्याकडे वळले. आजी खेळायला लागली म्हणून ते चमकत होते.

"तिले हात लावजो नको!" बाईला एवढं सांगून मी हॉलमध्ये धावले. सोफ्यावर गुडघा आपटला. बोर्डावरचा पडदा ओढला तर दांडीच खाली आली. बोर्डावर टीव्हीचा प्लग, वायफायचा प्लग, त्यातला धबधब्याचा कोणता ते सुचेना, आणि माझे हात कणकेनं ओले. बाहेर पाणी पडतच होतं. कोपरानं सगळी बटनं बंद केली, पदरात धरून एकेक प्लग उपटला. मग पाण्याचा आवाज मंद झाला आणि थांबला.

मी बाहेर पळाले. ती तशीच वाकून उभी होती, पोटऱ्या थरथरत होत्या. मी तिला पोटाशी धरलं तरी अंग लाकडासारखं ताठ. दांडीचा आवाज ऐकून हे खाली आले होते. बाईनं त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली हातोडी तशीच राहिली.

"ओव्हर, बेटा," ते म्हणाले. "ओव्हर."

"तुम्ही नाही, आजोबा," ओठ न हलवता ती पुटपुटली. "आजीनं म्हणायचं."

मी तिला आणखी घट्ट धरलं.

"आजी, पाय दुखतायत."

"ओव्हर," मी कसंबसं म्हटलं.

ती माझ्या मिठीतून सुटली, दोन उड्या मारून मागे गेली आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "आता तू! स्टॅच्यू!"

मी हिरवळीवर गुडघ्यांवर होते तशीच राहिले, कणकेचे हात अधांतरी. ती जवळ आली, वाकून माझ्या तोंडाकडे बघू लागली. मग जरा रागावून म्हणाली, "आजी, स्टॅच्यूनं रडायचं नसतं."