कोरी ठेवलेली जागा

ती कोणत्याही जागेला एकदा भेटून समाधान मानीत नसे. सकाळी पाहिलेल्या जागी ती दुपारी पुन्हा उभी राही, दिवस कलताना परत येई, आणि तेथे जो कोणी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारी, "इथे सकाळी काय असतं? आणि संध्याकाळी?" लोक हसत. जागा ती जागा, तिथे सकाळ-संध्याकाळ काय वेगळे असणार? पण सांगू लागले की त्यांचेच त्यांना नवल वाटे. एस.टी. थांब्यामागच्या कट्ट्यावर सकाळी पाववाला बसतो, दुपारी तेथेच रिक्षावाले झोपतात आणि सायंकाळी मशिदीतून परतणारी वृद्ध मंडळी गप्पा मारतात, हे मी कित्येक वर्षे पाहत होतो. ती विचारीपर्यंत मला ते दिसले मात्र नव्हते. "माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतो ना, काका?" ती म्हणे. "जागाही तशीच. तिला एकदाच विचारून भागत नाही."

कचेरीच्या कुंपणाबाहेर, बदामाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. नववीनंतर शाळेचा व माझा संबंध सुटला, तरी या किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांची गाऱ्हाणी माझ्याच हस्ताक्षरात सरकारदरबारी पोहोचली आहेत. खुद्द साहेब लोक माझी भाषा वाचून "हा अर्ज कोणी लिहिला?" असे विचारतात. हे आत्मस्तुतीसाठी नव्हे, केवळ माहितीसाठी नमूद करतो. आमचे गाव मुरूडच्या एस.टी.च्या वाटेवरचे. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही.

ती कोळीवाड्यातील हिराबायची मुलगी. वडील खलाशी, आई सुकी मासळी विकणारी. मुलगी पुण्यास नगर व प्रादेशिक नियोजन या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. हे संपूर्ण नाव कोळीवाड्यात मी एकटाच न अडखळता उच्चारीत असे. बाकीच्यांनी आपली सोय पाहून तिचे नाव 'नकाशाबाय' ठेवले होते. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिने आपलेच गाव निवडले, आणि खांद्यावर नकाशाची नळकांडी व अंबाड्यात रंगीत पेन्सिली खोवून ती गल्लोगल्ली हिंडू लागली.

माझी तिची पहिली भेट वादातून झाली. तिच्या शास्त्रात प्रत्येक वापराला रंग ठरलेला असतो. राहती घरे पिवळी, दुकाने निळी, शाळा-कचेऱ्या लाल, बागा हिरव्या, रस्ते व वाहनतळ करडे. तिने माझ्या टेबलाच्या जागी निळा ठिपका दिलेला पाहून मी उभाच राहिलो.

"मी दुकानदार नाही," मी म्हणालो. "मी जनतेची सेवा करतो."

"फी घेता ना, काका?"

"घेतो. पण विधवा, निराधार यांच्याकडून घेत नाही."

तिने क्षणभर विचार केला आणि ठिपक्याचा अर्धा भाग लाल केला. मग सावलीबरोबर माझे टेबल दिवसभरात कसे सरकते, हे तिने बाणाने दाखविले. राज्यातील एखाद्या अर्जलेखकाची अशी नोंद नकाशावर झाली असल्यास मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

कोळीवाड्यातल्या बायका तिची मुळीच गय करीत नसत. एकदा ती नकाशा पसरून बसली असता शेजारची भागीकाकू डोकावली. "आमचं घर पिवलं का केलंस गो? कावील झाली काय त्याला?" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "पुन्याला जाऊन एवढं शिकली, न् रंगच भरते. बालवाडीत बी हेच करत होती." हिराबाय बोंबील उलटे करता करता म्हणाली, "भरू दे. तवा रेषेच्या भाईर जायचा रंग, आता जात न्हाय. तेवढी तरी सुधारली." हे बोलताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की, मला माझ्या अशिक्षित आईची आठवण झाली.

त्याच हसण्याच्या मध्यभागी ते खळे होते. समुद्र आणि वस्ती यांच्या मधली, शेणामातीने चोपलेली मोकळी जागा. सकाळी तेथे जवळा व सुकट पसरत, कडेच्या बांबूच्या वलांड्यांवर बोंबील लटकत. दुपारी पुरुष जाळी दुरुस्त करीत. सायंकाळी मुले क्रिकेट खेळत, आणि चेंडू मासळीत गेला की भागीकाकू बॅट जप्त करी. शिमग्याची होळी तेथेच उभी राही, प्रत्येक घरच्या हळदीचा मांडव तेथेच पडे. खळ्याचा सातबारा कोणाच्याच नावे नव्हता. कोळीवाड्याला त्याची कधी गरजही भासली नव्हती. जे सर्वांनाच दिसते ते सिद्ध कशाला करायचे?

या खळ्यापाशी आमच्या नकाशाबायच्या पेन्सिली अडल्या. निळा द्यावा तर होळी कोठे गेली? हिरवा द्यावा तर मासळी कोठे गेली? पुण्याचे सर फोनवर म्हणत, "मुख्य वापर कोणता ते ठरव आणि एक रंग दे." ती अनेक दिवस खळ्यावर बसून राहिली. शेवटी तिने खळ्याभोवती बारीक रेघ ओढली आणि आतली जागा कोरी ठेवली. त्या जागेविषयी मात्र तिने प्रबंधातले एक संपूर्ण प्रकरण लिहिले. हिराबाय ज्या दगडावर बसून मासळी निवडते, तो दगड हद्दीच्या किंचित बाहेर येत होता. तिने त्याच्याभोवती रेघेला छोटा वळसा दिला आणि आईचा दगड आत घेतला.

तो नकाशा ती मला दाखवावयास आली तेव्हा मी माझ्या व्यवसायातला नियम तिला सांगितला. अर्ज संपला की सहीच्या वर उरलेल्या जागेत मी तिरकी रेघ मारतो. कोऱ्या जागेत कोणीही मागाहून काहीही लिहू शकतो. "तूही रेघ मार," मी म्हणालो.

ती खूप हसली. "काका, रेघ मारली की वाचणारा पुढे जातो. कोरी ठेवली की तो थांबतो, आणि विचारतो, इथे काय आहे? मला त्याने विचारायला हवंय."

केवढा विश्वास होता तो! आपण जसे जागेला विचारतो तसे सगळे जग विचारील, असे ती धरूनच चालली होती.

ती प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली. हिराबायने वस्तीत पेढ्यांऐवजी सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी वाटली, कारण "पेढं काय, कोनी बी वाटतं." गावच्या कारभाऱ्यांनी शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. भाषण मीच लिहून दिले होते. गावाचा विकास आराखडा तयार व्हायचा होता. त्यासाठी तिचा नकाशा मिळावा अशी विनंती व्यासपीठावरूनच झाली. तिने तो तेथल्या तेथे, टाळ्यांच्या गजरात दिला. प्रबंधाचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ पिशवीत होता. तो कोणी मागितला नाही.

पुढे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. तो बाहेरून नेमलेल्या कोण्या सल्लागार मंडळींनी केला होता. कचेरीच्या भिंतीवर लावलेला तो भलामोठा कागद पाहण्यास आम्ही दोघे एकत्रच गेलो. खळ्याच्या जागी 'रिक्त जमीन' असे लिहून वर आरक्षण टाकले होते. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाहनतळ.

मी मोठ्याने संताप व्यक्त करू लागलो. तिचे बोट कागदावर एका कोपऱ्याशी थांबले होते.

"हा वळसा," ती म्हणाली. "काका, हा माझा वळसा आहे."

आईच्या दगडाभोवतीचा तो वळसा जगातील दुसऱ्या कोणत्याही नकाशावर नव्हता. त्यांनी तिचीच रेघ उचलली होती.

हरकतीचा अर्ज मी लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम अर्ज होता, असे मी आजही मानतो. सुनावणीला कोळीवाड्यातल्या बायका मागच्या बाकांवर दाटीने बसल्या. आपली पोर आहे, ती बोलेल, एवढ्या भरवशावर त्या आल्या होत्या. ती बोललीही सुरेख. अधिकारी सभ्य होते, त्यांनी शांतपणे सर्व ऐकले. मग त्यांनी एक नकाशा टेबलावर उलगडला.

"मॅडम, ही सही आपलीच ना?"

"हो."

"यात आपण प्रत्येक जागेचा वापर रंगाने दाखवला आहे. ही एकच जागा कोरी आहे. रंग नाही म्हणजे वापर नाही, असं आम्ही धरतो. आपल्या शास्त्रातही तेच धरतात ना?"

"त्याचं कारण प्रबंधात दिलंय, सर. संपूर्ण प्रकरण आहे."

"तो प्रबंध दप्तरी नाही. आता जोडता येईल, पण आपण त्या वस्तीतल्याच. नकाशा केला तेव्हा आपला काही हितसंबंध नव्हता. आज आहे. मी कशावर विश्वास ठेवू?"

मागून भागीकाकूचा आवाज आला. त्यात राग नव्हता, केवळ खात्री करून घेण्याचा स्वर होता. "तूच कोरी ठेवलीस व्हय गो?"

ती वळली. "व्हय, काकू."

आराखडा जसाच्या तसा मंजूर झाला.

कोळीवाड्याने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. बोलले असते तर बरे झाले असते. पूर्वी ती कोणाच्याही ओटीवर जाऊन बसली की बायका तिच्या मांडीवर निवडायला सुकट ओतीत, चहाची भांडी विसळायला लावीत. आता ती दिसली की घरातून खुर्ची आणीत. भागीकाकूने पदराने खुर्ची पुसून "बस हां, मॅडम," म्हटले, तेव्हा मी तेथे होतो. अंबाड्यातल्या पेन्सिली त्यानंतर मला दिसल्या नाहीत. हिराबाय तेवढी वस्तीशी एकटी भांडत राहिली. "माझ्या पोरीनं न्हाय केलं. तिनं सगल्यांसाठी रंग शोदला, न् तो त्यांच्याकडं नव्हता. त्याला ती काय करील?" एवढे नेमके वाक्य माझ्या कोणत्याही अर्जात नाही.

ती गाव सोडून निघाली तेव्हा मी एस.टी. थांब्यावर गेलो होतो. दूरच्या शहरात तिला नोकरी मिळाली होती. नियोजनाची नव्हे, कोण्या विमा कंपनीत. कट्ट्यावर रिक्षावाले झोपले होते. बराच वेळ आम्ही गाडीची वाट पाहत उभे राहिलो. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

गाडी वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "काका, तुम्ही मला सांगितलं होतं. रेघ मार म्हणून."

माझ्या सल्ल्याचे श्रेय मी आयुष्यात कधी सोडलेले नाही. कोणाचा दिवा लागला, कोणाचे पेन्शन सुरू झाले, हे सारे मी चारचौघांत सांगतो. पण तिचे डोळे माझ्यावर खिळले होते आणि त्यांत एकच गोष्ट विचारलेली होती, चूक माझीच ना?

"मी?" मी म्हणालो. "छे. मी कशाला असे सांगेन? मला तर तुझी कोरी जागा पटली होती."

ती किंचित हसली. "तुम्ही काहीच विसरत नाही, काका."

"वय झाले बाय आता."

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, नकाशाचे नळकांडे कट्ट्यापाशीच ठेवून ती गाडीत चढली, आणि गाडी नारळींच्या आड गेली. ते नळकांडे अजून माझ्याकडे आहे.

त्यास काही वर्षे झाली. ती शिमग्याला येत नाही, नारळी पौर्णिमेलाही येत नाही. आईला मात्र दर आठवड्यास फोन करते. खळ्यावर आता सिमेंट आहे. हिराबाय बोंबील घराच्या पत्र्यावर सुकविते. शिडी चढताना तिचे गुडघे दुखतात, तरी दगड काढला त्या कोपऱ्याकडे ती वरून कधी पाहत नाही. एकदा ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुमी एवढं लिवता, तिला एक अर्ज लिवा की. घरी ये म्हनून." मी कागद पुढे ओढला. 'चि. सौभाग्यकांक्षिणी' एवढे लिहिले आणि हात थांबला. तिला काय लिहावे? येथे येऊन ती जो प्रश्न विचारील त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. सकाळी गाड्या असतात, बाय. दुपारी गाड्या असतात. संध्याकाळीही गाड्याच असतात. आता त्या जागेला एकच रंग पुरतो.

हिराबाय समोर उभी होती. मी तो कागद घडी करून तिच्या हाती दिला. खालची सगळी जागा कोरी होती. मी तीवर रेघ मारली नाही.