सहा गोळ्या

लग्नकार्यात कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी नुसतं "वकील" म्हणून थांबते. पुढचं सांगितलं की लोक आपली गुडघेदुखी सांगायला लागतात. मी औषधांचे खटले लढवते. औषध घेणाऱ्यांच्या बाजूने नाही, बनवणाऱ्यांच्या. बडोद्याभोवती औषधांचे इतके कारखाने आहेत, की या एका कायद्यावर माझी सगळी वकिली झाली. आधी फार्मसीची पदवी घेतली आणि मग त्या पावडरींच्या वासाला कंटाळून कायद्याला गेले, तेव्हा वडील म्हणाले होते, "एक ना धड, भाराभर चिंध्या." पुढे त्या चिंध्यांवरच घर चाललं. हे त्यांनी कबूल केलं, पण तोंड वाकडं करूनच.

या वकिलीतली मेख एकच आहे, ती सांगून टाकते. इन्स्पेक्टर औषधाचा नमुना उचलतो, त्याचे भाग करतो आणि प्रत्येकावर सील मारतो. एक भाग सरकारी प्रयोगशाळेत जातो, एक कोर्टात ठेवतात. सरकारी रिपोर्ट वाईट आला तर आरोपीला हक्क असतो, की कोर्टातला तो सीलबंद भाग केंद्राच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि पुन्हा तपासा. तिथला निकाल शेवटचा. चांगला आला तर सुटलात, वाईट आला तर ब्रह्मदेवही वाचवत नाही. पण कोर्टातल्या पाकिटात पडलेल्या गोळीलाही एक्स्पायरी असते. ती उलटली की तपासण्यात अर्थ उरत नाही. मग आरोपीचा हक्क बुडाला असं म्हणून हायकोर्टातून खटलाच रद्द करून आणता येतो. म्हणून आम्ही काय करतो, मुदतीत एक पत्र देऊन ठेवतो की रिपोर्ट आम्हाला मान्य नाही, आणि मग गप्प बसतो. तारखा घेतो. एका भागीदाराला समन्स मिळालेलं नाही, कागदांच्या प्रती पुसट आहेत, वकीलबाईंना ताप आहे. माझ्याइतका ताप अख्ख्या बडोद्यात कुणाला आला नसेल.

यात बेकायदेशीर काही नाही. हे वाक्य मी माझ्या ज्युनियरना इतक्या वेळा ऐकवलंय, की त्यांना एव्हाना संशय आला असेल.

तर वाघोडियाच्या बाजूचा एक मध्यम कारखाना. रक्तदाबाच्या गोळीची एक बॅच सरकारी तपासणीत नापास झाली. गोळीत औषध होतं, पण ती ठरलेल्या वेळात हवी तितकी विरघळत नव्हती. म्हणजे माणूस रोज गोळी गिळणार, आणि ती अंगाला लागेल याची खात्री नाही. मालक रिपोर्ट घेऊन माझ्या ऑफिसात आला. बरोबर त्याचा केमिस्ट होता. कारखान्याच्या लायसन्सवर ज्याचं नाव असतं आणि प्रत्येक बॅचच्या कागदावर ज्याची सही असते, तो. नागरवाड्यात राहणारा, पन्नाशीचा मराठी माणूस. घराण्यात पूर्वी कुणी संस्थानच्या पलटणीत होतं म्हणे. खुर्चीतही ताठच बसला होता.

"बेन, आमां कंई थाय तो नहीं ने?" मालकाने विचारलं. यात काही होणार तर नाही ना?

"टाइम काढवानो छे, बीजुं कंई नहीं," मी म्हटलं. वेळ काढायचा, बाकी काही नाही. केमिस्ट हे ऐकून माझ्याकडे बघत राहिला. मग मी बोट ठेवलं तिथे वकीलपत्रावर सही केली. मालक, त्याचा भाऊ आणि हा केमिस्ट, तिघांचीही वकील मीच.

जाताना मी आणखी एक सूचना दिली. प्रत्येक बॅचच्या थोड्या गोळ्या कारखान्याला स्वतःकडे राखून ठेवाव्या लागतात. त्या खोलीला कुलूप घाला, म्हटलं, आणि मी सांगेपर्यंत त्या गोळ्या कुणी तपासायच्या नाहीत. तपासलं की कागद होतो, आणि कागद झाला की तो कधी ना कधी कोर्टात येतो. मालकाने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. ही सूचना मी सगळ्यांनाच देते. शहाणपणाची आहे.

सरकारचा खटला दाखल व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. समन्स आल्यावर एका दुपारी केमिस्ट एकटाच आला. कोर्टाची सुट्टी चालू होती, मी डबा खात होते. खाऊन घ्या म्हणाला, मी थांबतो. मी हात धुऊन आले तरी तो उभाच.

"ताई, एक विचारायचं होतं. केसचं नाही. म्हणजे, केसचंच."

त्याने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची एक स्ट्रिप काढून माझ्या टेबलावर ठेवली. आठ कप्पे फुटलेले, दोन भरलेले. बॅच नंबर मला पाठ होता. त्या वर्षी तो नंबर मी इतक्या कागदांवर लिहिला होता.

त्याने जे सांगितलं ते असं. कारखान्यातली माणसं घरच्यांसाठी कारखान्यातलंच औषध नेत. मालकाची ना नव्हती, उलट त्याला त्याचा अभिमान होता. याच्या आईला डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली होती, तेव्हा कित्येक वर्षं ती याच्याच कारखान्यातली गोळी घेत होती. शेजारपाजारी सांगायची, माझ्या मुलाच्या हातची गोळी आहे, मला काय धाड भरते. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आधीच्या स्ट्रिपा संपल्या आणि त्याने या बॅचच्या आणल्या. महिना-सव्वा महिना गेला असेल. सकाळी शाक चिरता चिरता आई एका अंगावर कलंडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पुढे दवाखान्यातच ती गेली. दोन महिन्यांनी सरकारी रिपोर्ट आला.

"वय काय होतं?" मी विचारलं.

"ऐंशी."

"मग कशानंही झालं असेल."

"असेल. म्हणूनच विचारतो." तो स्ट्रिपकडे बघत बोलत होता. "ताई, माझी गोळी चांगली असेल तर ती वयानं गेली. नसेल तर मी दिली. यातलं कुठलं, ते मला कळायला पाहिजे."

वर्षभर त्याने हे पोटात ठेवलं होतं. त्या स्ट्रिपमध्ये आईच्या मागे तीन गोळ्या उरल्या होत्या. रिपोर्ट आला त्या दिवशी घरी जाऊन त्याने एक कोमट पाण्यात टाकली आणि घड्याळ लावून बसला. गोळी फुटली. पण फुटणं वेगळं आणि विरघळणं वेगळं, ते मशीनवरच कळतं. मशीनला सहा गोळ्या लागतात.

"माझ्याकडे दोन आहेत," तो म्हणाला. "खोलीत आहेत, पण कुलूप आहे. कोर्टातल्या पाकिटात आहेत. एक्स्पायरीला पाच महिने बाकी आहेत. तुम्ही अर्ज करा ना, पाठवा म्हणून."

मी त्याला समजावलं, आणि समजावणं मला चांगलं जमतं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे, म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही तुरुंगात जाल. तो म्हणाला, जाईन. हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. आरोपी असं बोलत नाहीत. मग मी त्याच्या मुलीचं विचारलं. ती इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला नोकरी लागायची आहे, तिचं लग्न व्हायचं आहे, आणि आई तर आता परत येणार नाही. स्ट्रिप उचलून त्याने खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

त्या दिवशी मला वाटलं, मी एका भल्या माणसाला वाचवते आहे. खरं तर मी मालकाला वाचवत होते. दोघांची वकील मीच असल्यामुळे हा फरक मला कुणी विचारला नाही, आणि मीही विचारला नाही.

पुढच्या प्रत्येक तारखेला तो यायचा. मालक आणि त्याचा भाऊ हजेरीतून माफीचा अर्ज देऊन घरी राहायचे, याला नको म्हटलं तरी तो यायचा. मागच्या बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसायचा, आणि बाहेर आल्यावर एकच विचारायचा, "पाठवलं?" मी म्हणायचे, अजून नाही. जणू पाठवायचं चाललंच होतं.

एक्स्पायरीच्या आधीची शेवटची तारीख मला स्वच्छ आठवते. मॅजिस्ट्रेट नवे होते, तरुण होते, आणि त्यांनी फाइल खरंच वाचली होती. त्यांनी विचारलं, नमुन्याची मुदत संपत आली आहे, बचाव पक्षाला तो फेरतपासणीला पाठवण्याचा अर्ज द्यायचा आहे का? असं कुणी विचारत नाही. मागे बाक करकरला. मी वळून पाहिलं. तो अर्धवट उठला होता, एक हात पुढच्या बाकावर, तोंड उघडलेलं. त्याने एक शब्द उच्चारला असता तर कोर्टाने ऐकला असता. मी त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली आणि पुढे वळून म्हटलं, "आज काही अर्ज नाही, सर."

तो बसला. त्या दिवशी बाहेर आल्यावर त्याने "पाठवलं?" असं विचारलं नाही. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आठवलं की आज माझीच मला शिसारी येते.

पुढचं सगळं शिरस्त्याप्रमाणे झालं. एक्स्पायरी उलटली. आम्ही अहमदाबादला हायकोर्टात गेलो. मुदत संपलेल्या गोळीवरून ती आधी कशी होती हे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा आमच्या अशिलांचा मोलाचा हक्क बुडाला, असं मी मांडलं. चांगलं मांडलं. खटला रद्द झाला. मालक मिठाई घेऊन आला. मी त्याला म्हटलं, आता खोली उघडायला हरकत नाही.

केमिस्टने त्याच महिन्यात नोकरी सोडली. राखून ठेवलेल्या गोळ्या नष्ट करण्याचं काम त्याच्याच हातून झालं. ते त्याचं तिथलं शेवटचं काम.

काही महिन्यांनी, अशाच एका दुपारी, तो ऑफिसात आला. बारीक झाला होता. हरणी भागात एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो म्हणाला. मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. चहा नको म्हणाला. मग पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि तो न उघडता हातातच धरून बसला.

"खोलीतल्या दहा ठेवून घेतल्या होत्या मी," तो म्हणाला. "लॅबमध्ये मशीन आहे. जेवणाच्या सुट्टीत लावल्या. सहा."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सहातली एकही नाही, ताई. जवळपाससुद्धा नाही."

खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांची कसलीशी बाचाबाची चालली होती. त्याने कागदाची घडी बोटांनी आणखी दाबली.

"पण त्या एक्स्पायर झालेल्या होत्या," तो म्हणाला. "एक्स्पायर झालेल्या गोळीवरून ती आधी कशी होती ते सांगता येत नाही. हायकोर्टात तुम्ही हेच म्हणालात ना?"

"हो."

"आणि कोर्टानं ते मान्य केलं."

"केलं."

फार्मसीची चार वर्षं मी वाया घालवली असं वडील म्हणत, पण तेवढं मला येतं. कुलूपबंद खोलीत नीट ठेवलेली चांगली गोळी एक्स्पायरीनंतर वर्षभराच्या आत इतकी बिघडत नाही. थोडी घसरेल. सहाच्या सहा जवळपासही न येणं म्हणजे ती पहिल्या दिवसापासूनच तशी होती. हे मला माहीत होतं. त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं, त्याचं आयुष्य त्यात गेलं होतं. तरी तो माझ्याकडे बघत होता. केमिस्टने वकिलाकडे बघावं तसा नव्हे, अडाणी माणसाने बघावं तसा.

"म्हणजे हा रिपोर्ट चालत नाही," तो म्हणाला.

"नाही चालत."

त्याने कागद माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्याकडे राहू दे. घरी मुलगी येते-जाते, तिच्या हाती लागायला नको." मग पिशवी उचलून दारापर्यंत गेला आणि तिथून वळला.

"नक्की ना, ताई?"

"नक्की," मी म्हटलं.