बैरूतची बोट आणि पहाडगंजची झेरॉक्स

कुमुद पाठारे दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात क्लार्क होत्या. आवाज खणखणीत. द्वारकेच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून भांडण लागलं, की तिसऱ्या मजल्यावरून त्यांची एक हाक पुरे. दोन हजार सहाच्या जुलैत लेबनॉनवर बॉम्ब पडू लागले, मंत्रालयाने नातेवाइकांच्या फोनसाठी कंट्रोल रूम उघडली आणि साहेबांनी पहिलं नाव त्यांचंच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका बाईचा फोन आला. बिचकत बिचकत हिंदीत बोलत होती. आडनाव म्हसकर ऐकताच कुमुदताई म्हणाल्या, "अहो, मराठीत बोला की!"

मग वैजयंती म्हसकर धडाधड बोलत सुटली. ती राहायची दिल्लीतच, पहाडगंजला. नवरा दीनानाथ बैरूतच्या एका हॉटेलात आचारी. आपल्या नौदलाच्या बोटी माणसं न्यायला आल्या होत्या, पण हा हॉटेलच्या तळघरात लपलेला, तिथून हलेना. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत आणि मालक कुलूप लावून पळालेला.

"पासपोर्ट नसला तर पकडतील म्हणतात."

"कोणी पकडत नाही. त्यांना सांगा, सरळ आपल्या वकिलातीत जा. परतीचा कागद तिथे करून देतात. पासपोर्टचा नंबर मिळाला तर काम झटपट होईल. झेरॉक्स आहे?"

"नाही हो ताई."

"कुठे दिली होती कधी? बँकेत? गॅसला?"

वैजयंती ओरडलीच, "शाळेत! आमच्या अपूर्वाच्या ॲडमिशनला!"

मराठी शाळा तिच्या घरापासून पाच मिनिटांवर. तिथले हेडक्लार्क भाऊसाहेब यांनी जुने गठ्ठे उपसून कागद शोधला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः फॅक्स केला. तो आला काळाकुट्ट. एक आकडा तीन की आठ, कळेना. कुमुदताईंनी शाळेत फोन लावून भाऊसाहेबांकडून एकेक आकडा वदवून घेतला आणि नंबर बैरूतच्या वकिलातीला कळवला. इकडे वैजयंतीने नवऱ्याला फोन करून वकिलातीत धाडलं.

दुसऱ्या दिवशी बोटीवर चढलेल्यांची यादी आली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पहाडगंजला फोन केला.

"चढले हो!"

पलीकडे नुसतं रडू.

बोटीने सायप्रसला उतरलेल्यांना घेऊन विमान दिल्लीला आलं, तेव्हा ड्यूटी संपवून कुमुदताई विमानतळावर गेल्या. वैजयंती आधीच येऊन थांबली होती. दीनानाथ बाहेर आला तो हसतच.

"बोटीवर लोकांना उलट्या होत होत्या," तो म्हणाला, "मी खलाशांबरोबर पुऱ्या तळल्या!"

"ताई, रविवारी जेवायला या," वैजयंती म्हणाली.

"या रविवारी नाही. अजून बोटी यायच्यात."